एक स्टॉप कोणी द्यायचा?

टेलिकन्व्हर्टर वापरतो असं सांगितलं की काही फोटोवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. साजूक तुपातल्या शिऱ्यात कुणीतरी डालडा घातल्याचं कळावं, तसे. मग ठरलेली वाक्यं येतात. "शार्पनेस जातो." "लाइट जातो." "फोकस भरकटतो." आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून मायेचा सल्ला, "त्यापेक्षा पायांनी झूम कर की! चार पावलं पुढे जा."

आज मला या चार पावलांबद्दलच भांडायचं आहे.

तसा सल्ला वाईट नाही. नगरला माळीवाड्याच्या वेशीचा फोटो काढायचा असेल तर खुशाल चार पावलं पुढे जा. वेस कुठे पळून जात नाही. लग्नात जा, जत्रेत जा, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर स्टेजपर्यंत जा. पण हाच सल्ला जेव्हा रेहेकुरीच्या माळावर दिला जातो, तेव्हा त्याचा अर्थ पार बदलतो. तिथे समोर वेस नसते, काळवीट असतं. आणि ते पळून जातं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी एक छोटी नळी. आत काचा असतात. मूळ लेन्स जी प्रतिमा आत टाकते, तिचा मधला भाग ही नळी मोठा करून सेन्सरवर पसरवते. १.४ पटीचा टीसी लावला की ३०० एमएमची लेन्स ४२० ची होते, दोन पटीचा लावला की ६०० ची. फुकट काहीच मिळत नाही, त्यामुळे प्रकाश कमी होतो. १.४ ला एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश जातो, दोन पटीला दोन स्टॉप, म्हणजे पाव प्रकाश उरतो. एफ ४ ची लेन्स एफ ५.६ होते किंवा एफ ८.

सोपं करून सांगायचं तर एका उंड्याची भाकरी आहे ही. तेवढ्याच पिठाची मोठी थापली की पातळ होणार. आणि पीठच विरी गेलेलं असेल तर मोठी थापताना फाटणार. दोष थापणाऱ्या हाताला देण्यात अर्थ नाही. चांगल्या लेन्सवर चांगला टीसी लावला तर भाकरी पातळ होते, पण अखंड राहते. सुमार लेन्सवर लावला तर तिचे आधीपासूनचे दोषच मोठे होऊन दिसतात. लोक फाटलेली भाकरी बघतात आणि टीसीला शिव्या घालतात.

टीसीची ही बदनामी बरीचशी फिल्मच्या जमान्यातून आलेली आहे, आणि तेव्हा ती रास्तही होती. आयएसओ ६४ किंवा १०० चा स्लाइड रोल, त्यात दोन पटीचा स्वस्तातला कन्व्हर्टर. १/५०० चा शटर १/१२५ वर यायचा आणि ६०० एमएमला हात हलला की संपलं. रोल धुऊन येईपर्यंत कळायचंही नाही. आज आयएसओ ४०० चा ८०० करायला बोटाचं एक चाक फिरवावं लागतं आणि फोटोत दाणा आला तर तो शोधावा लागतो. जुन्या डीएसएलआरमध्ये ऑटोफोकस एफ ५.६ च्या पुढे हात टेकायचा, वरच्या मॉडेलमध्ये एफ ८ ला. मिररलेस कॅमेऱ्यांनी तेही दुखणं बरंच कमी केलं. काळ बदलला, शिव्या मात्र त्याच राहिल्या.

असो. हे झालं यंत्राचं. माझं भांडण यंत्राचं नाहीच.

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आपल्या जिल्ह्यात कर्जत तालुक्यात आहे (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय). स्थापना १९८० ची. क्षेत्रफळ किती? २.१७ चौरस किलोमीटर. पुन्हा वाचा. दोनशे सतरा हेक्टर. आपल्याकडच्या काही जुन्या देशमुखी वतनांची जमीन यापेक्षा जास्त असेल. एवढ्याशा गवताच्या आणि काटेरी झुडपांच्या तुकड्यात ही जनावरं राहतात, आणि चारी बाजूंनी शेती. तुम्ही या तुकड्याच्या एका कडेनं चार पावलं पुढे गेलात की कळप दुसऱ्या कडेला सरकतो. आणखी चार पावलं गेलात की तो हद्दीबाहेर, कुणाच्या तरी ज्वारीत. तिथे कुत्री आहेत, रस्ते आहेत, कठडे नसलेल्या विहिरी आहेत आणि वैतागलेला शेतकरी आहे. त्या शेतकऱ्याचं नुकसान कुणाच्या क्लोजअपमुळे झालं हे त्याला कधीच कळत नाही.

आता जरा हिशेब करू. फोटोवाल्यांना हिशेब आवडतो, फक्त तो मेगापिक्सेलचा असतो.

समजा तुमच्याकडे एपीएस-सी सेन्सरचा साधा कॅमेरा आणि ३०० एमएमची लेन्स आहे. पन्नास मीटरवरून तुमच्या चौकटीत साधारण चार मीटर रुंदीचा माळ येतो. काळविटाचं अंग धरा सव्वा मीटर. म्हणजे चौकटीच्या रुंदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. वाईट आहे का? आता १.४ चा टीसी लावा. तेवढंच मोठं काळवीट आता तुम्हाला सत्तर मीटरवरून मिळतं. फरक वीस मीटरचा. दोन पटीचा लावलात तर शंभर मीटरवरून.

वीस मीटर म्हणजे काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. माळावर थोडा वेळ बसून बघा. काळवीट चरत असतं, तुम्ही पुढे सरकता. एका ठिकाणी ते चरणं थांबवतं आणि मान वर करतं. अजून पुढे गेलात की सगळा कळप मान वर करतो. अजून पुढे, की पहिलं जनावर हवेत उडी घेतं आणि मागोमाग सगळी. मान खाली असणं आणि कळप उधळणं यांच्यात अनेकदा तेवढंच अंतर असतं. तुमच्या कॅमेऱ्यातला एक स्टॉप म्हणजे त्यांच्या माळावरचे वीस मीटर. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. किंमत दोन्हीकडे आहे. टीसी लावला तर ती कॅमेरा मोजतो, नाही लावला आणि पायांनी झूम केलं तर काळवीट मोजतं. प्रश्न फक्त बिल कुणाच्या नावावर फाडायचं हा आहे.

पिल्लांचं तर आणखी वेगळं. काळविटाचं पाडस जन्मानंतर पहिले काही दिवस आईबरोबर हिंडत नाही, गवतात दडून पडून राहतं. आई लांब चरत असते आणि अधूनमधून पाजायला येते. तुम्ही आईला हुसकलंत की ती पळते, पाडस मात्र जागचं हलत नाही. आणि पाडस सापडलंच तर आपल्यातले काही महाभाग "आईनं टाकलंय बिचाऱ्याला" म्हणून ते उचलूनही आणतात. आईनं टाकलेलं नसतं. आई तुमच्या जाण्याची वाट बघत असते.

बरं, काळवीट निदान मोठं तरी आहे. पायाखाली काय काय असतं ते बघा. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ना घरटं, ना आडोसा. चार खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी, दोन फुटांवरून दिसणार नाहीत अशी. धाविक, पखुर्डी, चंडोल, सगळ्यांचा संसार जमिनीवरच. एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती अनेकदा ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही "चार पावलं पुढे" गेलात की ती उठते आणि डोक्यावर घिरट्या घालत बोंब मारायला लागते. तुम्ही तिचे फ्लाइट शॉट काढता. फोटो झकास येतात! तिकडे अंडी भाजत असतात किंवा कावळ्याला सापडलेली असतात. आणि तुम्ही नेमके कुठे पाय ठेवत होतात, हे तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढून बघितलं होतंत का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकार या शब्दाची व्याख्या काय आहे ते एकदा जरूर वाचा. बंदूक लागत नाही. जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही त्यात येतं. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणंही येतं. काळवीट या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. रस्ता सोडून गवतात गाडी घालणारे आणि कळपाला समांतर पळवत "पॅनिंग शॉट" घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना शिकारी म्हटलं तर राग येईल. व्याख्या मी लिहिलेली नाही.

या सगळ्यावर एक मोठं नाव हमखास तोंडावर फेकलं जातं. रॉबर्ट कापा. फोटो चांगला आला नसेल तर तुम्ही पुरेसे जवळ गेला नाहीत, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं सांगितलं जातं. मान्य. पण कापा कोण होता? युद्धाचे फोटो काढणारा. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तो सैनिकांबरोबर पाण्यात उतरला. १९५४ मध्ये इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, सुरुंगावर पाय पडून गेला. जवळ जाण्याची किंमत त्यानं स्वतःच्या जिवानं मोजली. कर्जतच्या माळावर कापाचं नाव घेऊन पुढे सरकणाऱ्याच्या अंगावर जास्तीत जास्त काय येणार? कुसळं! जीव धोक्यात घालणारा वेगळा आणि त्याचं वाक्य वापरणारा वेगळा.

दुसरं खूळ म्हणजे 'आय कॉन्टॅक्ट'. जनावर सरळ लेन्समध्ये बघत असलं पाहिजे म्हणे. स्पर्धांमध्ये असले फोटो चालतात, लोक वाहवा करतात. अरे बाबांनो, काळवीट तुमच्याकडे का बघतंय? तुम्ही त्याला आवडलात म्हणून? ते बघतंय कारण त्याचं खाणं थांबलंय आणि पळावं की नाही याचा विचार चाललाय. नजरेला नजर भिडवणारा फोटो बहुतेक वेळा व्यत्ययाचा फोटो असतो. चरणारं, भांडणारं, अंग खाजवणारं, माद्यांपुढे मान मागे टाकून मिरवणारं काळवीट दिसायला हवं असेल तर तुम्ही तिथे नाही आहात असं त्याला वाटलं पाहिजे. तेवढं लांब बसायचं तर लांबची काच हवी. आणि पाचशे-सहाशे एफ ४ ची किंमत एका चांगल्या नव्या गाडीएवढी. ती घेणं सगळ्यांना जमत नाही, टीसी बऱ्याच जणांना जमतो. टीसीला नाकं मुरडणाऱ्यांत मोठी काच खांद्यावर असणारेच जास्त भेटतात, हा योगायोग नसावा. स्वतः सहाशेवरून फोटो काढायचे आणि तीनशेवाल्याला सांगायचं, पायांनी झूम कर!

"मग क्रॉप करा ना, टीसी कशाला?" हाही एक हुशारीचा प्रश्न. जरूर करा. लांब थांबून क्रॉप करणारा माणूस माझ्याच बाजूचा आहे. फक्त हिशेब माहीत असू द्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पटीएवढा कापला की उरतात साधारण १२, दोन पटीएवढा कापला की ६. लहान प्रिंटला, पडद्यावर बघायला बाराही भरपूर. चांगली लेन्स असेल तर टीसी क्रॉपपेक्षा थोडं जास्त देतो, सुमार असेल तर क्रॉप बरा. हवं ते करा. पण दोन्ही नाकारून पाय उचलू नका.

आता टीसीच्या बाजूनं बोलतोय म्हणजे तो जादूची कांडी आहे असं नाही. काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एफ ५.६ च्या झूमवर तो लावून एफ ८ करून जुन्या कॅमेऱ्यावर उडणारा पक्षी पकडायला जाऊ नका, वैतागाल. कॅनन-निकॉनचे स्वतःचे टीसी सगळ्या लेन्सवर बसतही नाहीत, त्यांची पुढची काच बाहेर आलेली असते, तेव्हा विकत घेण्याआधी यादी बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडचं ऊन. मार्च-एप्रिलमध्ये सकाळचे दहा वाजून गेले की माळावरची हवा अक्षरशः उकळायला लागते. झळांमधून काढलेला कुठलाही लांबचा फोटो मऊच येणार, मग काच दहा लाखांची असो. टीसी त्या झळाही मोठ्या करतो इतकंच. घरी येऊन लोक म्हणतात टीसी सॉफ्ट आहे. टीसी नाही हो, ते मृगजळ आहे! सहाला माळावर असा, नऊला घरी जा. जनावरांनाही बरं.

आणि एक धोका आहे तो लपवत नाही. काही लोक टीसी लावतात आणि तरीही पुढे जातात. चारशेवीस एमएम आणि वर चार पावलं. त्यांना काळविटाच्या पापण्या मोजायच्या असतात. अशांच्या हातात टीसी हे हावरटपणाचं आणखी एक हत्यार होतं. म्हणून माझा नियम साधा आहे: टीसी फोटो मोठा करायला लावायचा नाही, अंतर वाढवायला लावायचा. लावलात तर आधी होतात तिथून मागे या. मागे येणं जमणार नसेल तर तो पिशवीतच राहू द्या.

तरीही काही वेळा काहीच पुरत नाही. जायकवाडीच्या नाथसागराची नगरकडची बाजू बघा, नेवासा-शेवगावकडची. पाणी उतरलं की मैलभर गाळ उघडा पडतो, काही ठिकाणी गाळपेराही होतो, आणि पक्षी पार तिकडे पाण्याच्या कडेला. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. तिथे टीसी लावूनही रोहित पक्ष्यांचा थवा म्हणजे क्षितिजावरची एक गुलाबी रेघ दिसते. मग ती रेघ काढा ना! पाणी येऊ द्या फोटोत, गाळ येऊ द्या, आकाश येऊ द्या. पक्षी कुठे राहतो हेही कळू द्या बघणाऱ्याला. उजनीच्या पाण्यावर मात्र होड्या आहेत, त्यामुळे तिथे ही अडचण पायांऐवजी इंजिनानं सोडवली जाते. थव्यात होडी घाला, सगळे एकदम उडवा, पंखांचा लाल-काळा रंग टिपा. नावाड्याला दोष देऊन उपयोग नाही, पोट आहे त्याचं. "अजून जवळ घे" म्हणणारा होडीत बसलेला असतो. शेकडो मैल उडून खायला आलेल्या पक्ष्याला दर अर्ध्या तासानं ताटावरून उठवायचं आणि वर स्वतःला पक्षिप्रेमी म्हणवायचं, हे आपल्यालाच जमू जाणे.

कुणी म्हणेल, माळरानं काय फोटोवाल्यांनी संपवली? नाही. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, आणि आज इथल्या माळावर माळढोक दिसणं जवळपास संपलेलं आहे. ते काही आपल्या कॅमेऱ्यांनी केलेलं नाही. माळ नांगरले गेले, शिकार झाली, विजेच्या तारा आल्या, सरकारदरबारी गवताळ माळाला पडीक म्हणायची पद्धत पडली. हे सगळं आपल्यापेक्षा कितीतरी मोठं. पण म्हणूनच उरलेल्या तुकड्यावरचा प्रत्येक धक्का महाग पडतो. दोनशे सतरा हेक्टरांत जनावराला मागे सरकायला जागा किती असणार? त्यापेक्षा आपण सरकणं सोपं. आपल्या मागे अख्खा जिल्हा मोकळा आहे.

तेव्हा पुन्हा कुणी "शार्पनेस जातो" म्हणालं तर मी मान डोलावणार आहे. जातो, थोडासा जातो. पापणीचे केस शंभर टक्के झूम करून मोजता येत नाहीत. ते मोजायची काळविटाला गरज नाही, मलाही नाही. एक स्टॉप मी देतो, कॅमेरा देतो, हवं तर तिपाई आणखी थोडा देईल. ज्याला खांद्यावर दहा लाखांची काच नाही, आयएसओचं चाक नाही आणि पळण्यापलीकडे दुसरा उपाय नाही, त्याच्याकडून तो मागायचा नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर भांडायला यावं. फक्त माझ्याशीच, आणि माळापासून लांब.